५.६७ अमोनिया

आजचा विषय जरा वासाचा आहे. एस.टी. स्टँडच्या मुतारीवरून जाताना जो नाकाला झोंबतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो, तो अमोनिया. बारावीनंतर केमिस्ट्री सोडून सुटकेचा निःश्वास टाकलेल्या मंडळींनी लगेच पळ काढू नये. मोल, मोलॅरिटी वगैरे प्रकार मी शक्य तितके कमी आणणार आहे, आणि जिथे आणीन तिथे किराणा दुकानातला हिशोब सोबत देईन.

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. ज्याला विचाराल तो सांगतो, "मी मूळचा कॉम्प्युटरवाला नाही हो." कुणी मेकॅनिकलचा, कुणी सिव्हिलचा, आमच्या टीममध्ये तर एक चक्क कृषी पदवीधर आहे. मी बीएस्सी केमिस्ट्री, मग एमसीए. लोक विचारतात, त्या तीन वर्षांचा आता काही उपयोग होतो का? तर एका टायट्रेशनचा होतो. आठवड्यातून दोनदा तरी होतो. कुठलं, तेच सांगायचंय.

आधी पात्रपरिचय. निकेल क्लोराइडचं हिरवंगार द्रावण घ्यायचं आणि त्यात कडक अमोनिया ओतायचा. हिरव्याचं निळं होतं, निळ्याचं जांभळं. गार केलं की फिकट जांभळे स्फटिक खाली बसतात. त्यात निकेलच्या प्रत्येक अणूभोवती अमोनियाचे सहा रेणू जमलेले असतात. चार बाजूंना चार, एक डोक्यावर, एक पायाशी. नाव हेक्साअमाइन निकेल क्लोराइड. धातू मध्ये आणि भोवती अशी मंडळी जमलेली असली की त्याला कॉम्प्लेक्स म्हणायचं. मराठी पुस्तकात 'संकुल' म्हणतात. शब्द चांगला आहे, गृहसंकुलासारखाच.

आता प्रश्न असा, की सहाच आहेत हे कशावरून? अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. वजनावरून सांगावं तर तेही अवघड, कारण शिळ्या बाटलीत अमोनिया हळूहळू उडून जातो आणि त्याची जागा हवेतलं पाणी घेऊ शकतं. अमोनियाचा रेणू १७ वजनाचा, पाण्याचा १८. एक गेला नि दुसरा आला, तरी तराजूला पत्ता लागत नाही. म्हणून अमोनियाच मोजायला हवा. अमोनिया हा बेस, म्हणजे त्याला अ‍ॅसिडनं मोजता येतं.

पण सरळ मोजायला गेलात तर आणखी एक लोचा आहे. पाण्यात सुटा झालेला अमोनिया हवेत पळतो. तुम्ही ब्युरेटमधून थेंब थेंब अ‍ॅसिड सोडत बसाल आणि तो तुमच्या नाकात जाऊन बसेल. म्हणून उलटा मार्ग. आधीच भरपूर अ‍ॅसिड मोजून घ्यायचं आणि त्यात तो स्फटिक टाकायचा. अमोनिया सुटला रे सुटला की अ‍ॅसिड त्याला धरतं आणि त्याचं अमोनियम होतं. अमोनियम उडत नाही, वासही येत नाही. मग उरलेलं अ‍ॅसिड कॉस्टिक सोड्यानं मोजायचं. पोराला पाचशेची नोट देऊन किराणा आणायला पाठवलं, परत आल्यावर सुटे मोजले, की किती खर्च झाला ते कळतं. पोरानं काय काय घेतलं हे बघायला दुकानात जावं लागत नाही. याचं नाव बॅक टायट्रेशन.

आकडे बघा. ०.२०० ग्रॅम स्फटिक. ०.२५ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड २५ मिली, म्हणजे ६.२५ मिलिमोल. ही आपली पाचशेची नोट. स्फटिक विरघळला की जांभळा रंग जाऊन परत निकेलचा हिरवा येतो. अमोनिया सुटला, त्याच्या जागी पाणी आलं. मिथिल रेडचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ मोलर कॉस्टिक सोडा सोडत जायचं. लाल जाऊन पिवळसर झालं की थांबायचं. फिनॉल्फ्थॅलिन इथे चालत नाही. ते गुलाबी व्हायच्या आतच सोडा अमोनियमलाही हात घालायला लागतो आणि निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ धरायला लागतो. म्हणजे सुटे मोजता मोजता आणलेला किराणाच परत विकायला काढल्यासारखं.

सहा अमोनिया असतील तर ब्युरेटवर १०.७ मिली यायला हवेत. हा आकडा लक्षात ठेवा.

आमच्या कॉलेजात हे प्रॅक्टिकल दुसऱ्या वर्षाला होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढचं जे आहे ते बहुतेक सगळ्याच कॉलेजांत चालत असावं. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत असायचं. सहावरून उलटं गणित केलं की १०.७ येतात. मग जर्नलमध्ये १०.७, १०.६, १०.७ अशी तीन रीडिंगं. मधलं एक जरा वेगळं, खरं वाटावं म्हणून. आज ज्याला आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो, त्याचं पहिलं शिक्षण महाराष्ट्रातल्या सायन्सच्या पोरांना प्रॅक्टिकलच्या टेबलावर मिळतं.

माझ्या टेबलावर जो मुलगा होता त्याला आम्ही पार्टनरच म्हणायचो. अत्यंत शांत आणि अत्यंत हट्टी. आमचं पहिलं रीडिंग १३.६ आलं. म्हणजे सुटे जास्त उरले, खर्च कमी झाला. त्यानं फ्लास्क धुतला आणि परत केलं. १३.५. परत. १३.७. गणित केलं तर एका निकेलमागे ५.६७ अमोनिया.

सर आले. जर्नल बघितलं.

"अरे, सहा यायला पाहिजेत ना?"

"हो सर."

"मग सहा आण."

"आले नाहीत सर. तीनदा केलं."

सरांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू त्यानं त्यांच्या घरातलं काहीतरी मागितलंय. म्हणाले, "एक्स्टर्नलसमोर हे चालणार नाही," आणि पुढच्या टेबलाकडे गेले. आमच्या दोघांचे दोन दोन मार्क गेले.

लॅबचे मामा हे सगळं बेसिनपाशी उभे राहून ऐकत होते. सर गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "ती बाटली दोन वर्षांची आहे रे. बूच ढिलं आहे. उघडली की वास येतो बघ."

वास येतो! म्हणजे अमोनिया बाटलीतून दोन वर्षं बाहेर पडत होता, आणि आमची ब्युरेट नेमकं तेच सांगत होती. पार्टनरनं मामांकडून कडक अमोनिया मागून घेतला, ताजे स्फटिक बनवले, दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर परत टायट्रेशन केलं. १०.९ आले. म्हणजे ५.९८. मग त्यानं जर्नलमध्ये दोन ओळी लिहिल्या. ताज्या नमुन्यात ५.९८, बाटलीतल्या नमुन्यात ५.६७. खाली कारण. मार्क काही परत मिळाले नाहीत. तो आज एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, आणि मला ते कळल्यावर फार बरं वाटलं होतं.

मला त्या दिवसाचं नंतर लक्षात आलं ते असं. वर्गात १०.७ लिहिणाऱ्या चाळीस जणांनी अमोनिया मोजलाच नव्हता. त्यांनी पुस्तक मोजलं होतं. बाटली खराब झालीय ही एवढी साधी बातमी त्या चाळीस जर्नलांतून कुणालाही कळली नसती. ऑफिसात एखादा आकडा दर आठवड्याला हवा तसाच हिरवा येत राहिला की मला ती बाटली आठवते.

असो. गोष्ट इथेच संपत नाही. निकेल गरीब आहे, अ‍ॅसिड घातलं की अमोनिया लगेच सोडून देतो. आता निकेलच्या जागी कोबाल्ट घ्या. तसाच सहा अमोनियावाला, केशरी-पिवळ्या रंगाचा हेक्साअमाइन कोबाल्ट क्लोराइड. तेच मोजलेलं अ‍ॅसिड, तेच मिथिल रेड, तोच कॉस्टिक सोडा. उत्तर काय येतं? जवळपास शून्य. पाचशेची नोट जशीच्या तशी परत.

टायट्रेशन अचूक, हात स्वच्छ, तीनही रीडिंगं जुळणारी, आणि उत्तर साफ चुकीचं! कारण कोबाल्टनं अमोनिया सोडलेलाच नसतो. खरं तर हिशोबानं बघितलं तर हा कॉम्प्लेक्स अ‍ॅसिडमध्ये फुटायलाच हवा, तसं होणंच त्याच्या फायद्याचं आहे. पण तो दिवसेंदिवस तसाच बसून राहतो. मोडेल की नाही हा एक प्रश्न, आणि किती वेळात मोडेल हा वेगळा. हेन्री टाउब यांनी १९५२ साली हा फरक नीट मांडला. झटकन सोडणारे ते 'लेबाइल', चिकटून बसणारे ते 'इनर्ट'. १९८३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं.

मग कोबाल्टचं काय करायचं? कॉस्टिक सोडा घालून उकळायचं. कॉम्प्लेक्स मोडतो, खाली कोबाल्ट ऑक्साइडचा काळपट गाळ उरतो, आणि अमोनिया वाफेबरोबर नळीतून निघून पलीकडच्या मोजलेल्या अ‍ॅसिडमध्ये अडकतो. मग तेच, सुटे मोजा. योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग) धान्यातला नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली, तिचा शेवटचा टप्पा हाच आहे. आधी सगळं मोडून अमोनिया करा, मग तो उडवा, पकडा आणि मोजा.

त्याच कोपनहेगनमध्ये त्याच काळात सोफुस मॅड्स यॉर्गेनसेन नावाचे प्राध्यापक हेच कोबाल्ट-अमोनिया कॉम्प्लेक्स बनवत होते. इथून मामला रंगतदार आहे.

कोबाल्ट क्लोराइडबरोबर सहा अमोनिया असले तर रंग पिवळा. पाच असले तर जांभळट-लाल. चार असले तर हिरवा, पण कधीकधी तेच चार असून रंग जांभळा! सिल्व्हर नायट्रेट टाकून क्लोराइड मोजलं तर सहावाल्यात तीनही क्लोराइड खाली बसतात, पाचवाल्यात दोन, चारवाल्यात एक. आकड्यांवर कुणाचाच वाद नव्हता. वाद होता तो आत बसलंय कोण कुठे यावर. यॉर्गेनसेन म्हणत, अमोनिया एकमेकांचे हात धरून साखळीत उभे आहेत. साखळीच्या टोकाचा क्लोराइड सुटतो, थेट कोबाल्टला चिकटलेला सुटत नाही. आणि या साखळीतून ३, २, १ हे सगळे आकडे बरोब्बर यायचे!

१८९३ साली झुरिकमधल्या आल्फ्रेड वेर्नर या सव्वीस वर्षांच्या पोरानं वेगळंच चित्र मांडलं. साखळीबिखळी काही नाही. कोबाल्टभोवती सहा जागा, आठ तोंडांच्या घनाकृतीच्या सहा टोकांवर. अमोनिया कमी पडला तर त्या जागेवर क्लोराइड आत येऊन बसतो, आणि आत बसलेला सुटत नाही. यातूनही ३, २, १ च येतात. रात्री दोन वाजता जाग आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत लिहीत बसला, अशी कथा सांगतात. विशेष म्हणजे तोवर या कॉम्प्लेक्सवर त्याचे स्वतःचे प्रयोग जवळजवळ नव्हतेच. आकडे सगळे दुसऱ्यांचे, त्यातही बरेचसे यॉर्गेनसेन यांचेच.

दोन्ही चित्रं सगळ्या आकड्यांना लागू! मग निकाल कसा लावायचा? तीन अमोनियावाल्याकडे जायचं. साखळीप्रमाणे त्यातला एक क्लोराइड सुटायला हवा. वेर्नरप्रमाणे तीनही आत, म्हणजे एकही नाही. कोबाल्टचा तीनवाला नीट हाती लागत नव्हता, म्हणून यॉर्गेनसेन यांनी इरिडियमचा बनवला. सिल्व्हर नायट्रेट टाकलं. काहीही खाली बसलं नाही.

म्हणजे स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि जगासमोर ठेवला. पुढे १९०७ साली वेर्नरनं चार अमोनियावाल्याचा तो जांभळा भाऊ साध्या अमोनियासकट बनवून दाखवला, साखळीत ज्याला जागाच नव्हती, आणि यॉर्गेनसेन यांनी हार मान्य केली. १९१३ साली वेर्नरला नोबेल मिळालं. पुस्तकांत यॉर्गेनसेन म्हणजे 'चुकलेले' एवढीच एक ओळ असते. मला ते आमच्या पार्टनरच्या जातीचे वाटतात. त्यांनी जर हवे ते आकडे लिहिले असते, तर वेर्नरला रात्री दोन वाजता जाग येऊन काहीही उपयोग झाला नसता.

आता हिरवा आणि जांभळा हे दोन भाऊ परत बघा. कोबाल्टवर उकळून अमोनिया मोजला तर दोघांतही चारच येतात. टायट्रेशनचं उत्तर खरंच आहे, पण तिथपर्यंतच. मोजायला म्हणून आपण कॉम्प्लेक्स मोडला, आणि मोडल्यावर कोण कुठे बसलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. हिरव्यात दोन क्लोराइड समोरासमोर, जांभळ्यात शेजारी-शेजारी. एवढाच फरक.

शेजारी की समोर, यानं एवढं काय बिघडतं? हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी मावशीनं विचारला. डे-केअर वॉर्डात तिची केमो चालू होती. एक सलाइन संपलं की दुसरं, मधे औषधाची बाटली. बाटलीवर नाव होतं सिस्प्लॅटिन.

"यात असतं तरी काय रे?"

"प्लॅटिनम, मावशी."

"म्हणजे दागिन्यातलं? मग बिल बरोबर आहे."

"आणि अमोनिया."

"शी! अगं बाई, खरंच?"

खरंच. प्लॅटिनमभोवती चार जागा, जेवणाच्या चौकोनी टेबलासारख्या. दोन अमोनिया, दोन क्लोराइड. अमोनिया शेजारी-शेजारी बसले तर सिस, समोरासमोर बसले तर ट्रान्स. दोन्ही पदार्थ १८४४ पासून माहीत होते, आणि कोणता शेजारचा नि कोणता समोरचा हे वेर्नरनं १८९३ च्या त्याच लेखात सांगितलं होतं. दोघांचं रेणुसूत्र एक, दोघांत अमोनिया वजनानं ११.३५ टक्के. टायट्रेशनला दोन्ही बाटल्या सारख्याच.

१९६० च्या दशकात अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसतेच लांब वाढत गेले. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून प्लॅटिनम सुटत होतं, आणि द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडकडून त्याला अमोनिया मिळत होता. १९६५ साली हे छापून आलं. पेशींचं विभाजन थांबवतो तो सिस. १९७८ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. शेजारी बसलेले दोन क्लोराइड गळून पडतात आणि त्या दोन मोकळ्या हातांनी प्लॅटिनम डीएनएवरची शेजारची दोन घरं धरून ठेवतो. ट्रान्सचे हात विरुद्ध दिशांना, त्याला तसं धरता येत नाही. तो औषध म्हणून कामाचा ठरला नाही.

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं, हे आम्ही उगीच नाही बघत."

सिस्प्लॅटिन किडनीवर येतं, म्हणून एवढं सलाइन, आणि म्हणून दर वेळी औषध द्यायच्या आधी क्रिएटिनिन तपासतात. पुढच्या खेपेला रिपोर्ट माझ्या हातात होता. ०.९.

"चांगलं आहे ना? म्हणजे मी बरी होतेय?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही तेच हवं होतं आणि मलाही. पण त्या आकड्यानं गाठीबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणजे किडनी ठीक आहे, मावशी. आज औषध देता येईल. बाकीचं स्कॅनमध्ये कळेल."

"बरं," ती म्हणाली. "मग तेव्हा सांग."

स्कॅन सात आठवड्यांनी झाला आणि चांगला आला, आणि तेव्हा मी सांगितलं. आता तिला उजव्या कानानं थोडं कमी ऐकू येतं, ही सिस्प्लॅटिनचीच देणगी. पण तब्येत उत्तम आहे. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा मला चिवड्याचा डबा देताना तिनं बजावलं, "झाकण घट्ट लाव हो. नाहीतर परत येईस्तोवर त्यात नुसती हवा राहील."

चला, पुढच्या वीकेंडला भेटू.